शोकेसपर्यंत पाणी

"जयवंती, तू आत ये. आजी, तुम्ही तिकडून."

रणदिवे साहेबांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर मला वाटलं, सासूला ते खुर्चीच देतायत बसायला. आम्ही दोघी वाळूत उभ्या होतो. सकाळचे साडेसहा झाले होते. सासूच्या डोक्यावर बांगड्यांची टोपली, पाणी तिच्या मानेवरून पाठीवर ठिबकत होतं. आणि समोर, नव्या भिंतीत काल संध्याकाळपर्यंत जिथे मोकळी जागा होती तिथे हिरवं लोखंडी गेट. गेटाला टाळं, आणि टाळ्याची किल्ली साहेबांच्या हातात.

"तिकडून म्हंजे खयसून?" सासूने विचारलं.

"खाडीच्या पुलावरून. रस्ता आहे की तिकडे."

"पुलावरून जावक पाऊण तास लागता. सातची यष्टी काय तुझो बापूस थांबवतलो?"

"आजी, ही खाजगी जागा आहे," साहेब म्हणाले. "आणि वासाचाही प्रश्न आहे हो. सकाळी माझा प्राणायाम असतो. मी श्वास आत घेतो आणि तुमच्या बायका नेमक्या तेव्हाच टोपल्या घेऊन जातात."

"मगे सोड तो श्वास," सासू म्हणाली. "धरून कित्याक ठेवलंस?"

साहेबांनी टाळं उघडलं, मला आत घेतलं, टाळं लावलं. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि केरवाऱ्याला होते, मुंबईचे चार पाहुणे आले होते म्हणून लवकर बोलावलेलं. गजांच्या पलीकडून सासूने माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला. ती टोपली सावरत वळली आणि खाडीच्या दिशेने चालू लागली. तेव्हा ती साठीची होती.

याला आता पंचवीस वर्षं झाली. तरी ती पाठ मला अजून दिसते आणि अजून लाज वाटते.

आमचं आडबंदर म्हणजे केवढं? समुद्राला लागून आमच्या गाबितांची वाडी, वर डांबरी रस्ता, आणि मधून माडांच्या कडेने जाणारी तीन हात रुंद वाट. वाडीतल्या बायका पहाटे होडीवरून मासे घ्यायच्या, वाटेने वर चढायच्या आणि सातच्या एस.टी.ने बाजार गाठायच्या. सातची चुकली की पुढची साडेनऊला. साडेनऊच्या गाडीने गेलेल्या बांगड्याचे डोळे लाल होतात आणि गिऱ्हाइकाचे पांढरे. वाटेच्या कडेची जमीन रणदिवे साहेबांनी निवृत्त झाल्यावर घेतली, बंगला बांधला, त्याला नाव दिलं 'निवांत', आणि तेव्हापासून गावाची झोप गेली.

माणूस तसा वाईट नव्हता हां. उगाच का बोला? पगार वेळेवर द्यायचा, आजारी पडले तर गोळी द्यायचा. देवळाला त्याने दोन पंखे दिले होते. पंख्याच्या तीन पात्यांवर तीन नावं रंगवलेली, एकावर त्याचं, एकावर बायकोचं, एकावर वडिलांचं. पंखा चालू असला की वाचता यायची नाहीत, म्हणून हे देवळात आले की आधी पंखा बंद करायला लावायचे. दुपारी जेवायला रोज मासा लागायचा. सुरमई असली तर काटासुद्धा चोखून ठेवायचे. मी एकदा बाईसाहेबांना म्हटलंही, "ताटातला मासा चालतो, टोपलीतला तेवढा वास मारतो होय?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मी तीस वर्षं ऐकतेय. तू तरी ऐकू नकोस."

पण वाट गेली ती गेलीच. साहेबांनी कुंपणाची भिंत समुद्राच्या बाजूने सरळ ओढली होतीच, आता गेट लावून वाट आत घेतली. गेटावर पाटी लावली, 'खाजगी समुद्रकिनारा. परवानगीशिवाय प्रवेश नाही.' रोज आठ वाजता माझ्यासाठी टाळं उघडायचं आणि माझ्यामागे लागायचं. वाडीतल्या बाया मला 'बंगल्याची सून' म्हणू लागल्या. सासू तर माझ्या हातचा चहाही घेईना.

"तुका किल्ली, माका टाळा," एवढंच म्हणायची.

"आये, किल्ली त्यांच्या खिशात आसता, माझ्या न्हय."

"मगे त्या खिशातच ऱ्हव."

नोकरी सोडून द्यायचं माझ्या मनात दहादा आलं. पण घोव, म्हणजे नवरा, ट्रॉलरवर, त्याचा पैसा आला तर आला, आणि सासूची टोपली साडेनऊच्या गाडीने जाऊ लागल्यापासून अर्धी परत येत होती. घरात चूल पेटायची ती माझ्या पगारावर. तेच तिला जास्त लागत होतं. जन्मभर कुणाच्या पुढे हात न पसरलेली बाई ती, आता सुनेच्या, आणि तेही त्या बंगल्याच्या, मिठावर जगत होती.

होळीनंतर ग्रामसभा झाली. गावाने अर्ज दिला. तलाठी पेडणेकर भाऊसाहेब नकाशा घेऊन आले, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "नकाशात वाट नाही."

"वाट पायाखाली असता," सासू म्हणाली. "नकाशात खयसून येतली?"

"काकी, मी काय करू? कागदावर साहेबांची जमीन पश्चिमेला समुद्रापर्यंत आहे."

"आणि दर्या खयपर्यंत आसा ता कोणी लिवलाहा?"

भाऊसाहेब हसले. "ते आहे की. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथपर्यंतची जागा कुणाच्या बापाची नाही, ती सगळ्यांची. तिथे कुणी कुंपण घालू शकत नाही. पण ही वाट पाण्याच्या वर आहे ना."

"म्हंजे पाणी हय इला तर वाट आमची?"

"तुमची, तुमची! बोलवा त्याला," भाऊसाहेब म्हणाले आणि सगळी सभा हसली. सरपंच सगळ्यात मोठ्याने हसले, कारण त्यांच्या डोक्यावर साहेबांचा पंखा फिरत होता. अर्ज तालुक्याला गेला आणि तिथे पडून राहिला.

एप्रिलात साहेबांनी आणखी एक शहाणपण केलं. भिंतीच्या पुढे वाळूवर मर्यादवेल पसरलेली होती, जाड पानांची, जांभळ्या फुलांची. आमच्याकडे तिला कुणी हात लावत नाही. आपल्या मुळांनी वाळू धरून ठेवते ती, आणि आमची जुनी माणसं सांगतात की वेल असते तिथेच समुद्र थांबतो. साहेबांना ती गबाळी दिसली. पाहुण्यांना म्हणे स्वच्छ वाळू बघायची असते. चार गडी लावून त्यांनी ती मुळासकट उपटली, वाळूचा उंचवटा सपाट केला आणि ट्रकमधून गुंडाळ्या केलेली हिरवळ आणून अंथरली. चटईसारखी.

मी म्हटलं, "साहेब, वेल काढू नका हो. सासू म्हणते, ती गेली की पाणी आत येतं."

"जयवंती, अंधश्रद्धा सोडा आता," साहेब म्हणाले. "समुद्र काय वेल बघून थांबतो?"

सासूला सांगितलं तर ती कितीतरी दिवसांनी माझ्याशी धड बोलली. "काढल्यान?" तिने विचारलं. "सगळी?" आणि मग आपल्याशीच मान हलवत बसली.

ज्येष्ठातल्या अमावास्येला उधाण आलं. सकाळपासून वारा सुटला होता. साडेअकराला पाणी चढायला लागलं, आणि बघता बघता भिंतीला लाट लागली. दुसरी लाट लागली. तिसऱ्या लाटेला भिंत दोन्ही बाजूंनी बसली. मधे गेट तेवढं उभं राहिलं, टाळ्यासकट. आजूबाजूने अख्खा समुद्र आत येत होता आणि गेट बंद होतं! मला मेलीला हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला मी. हिरवळ जशी अंथरली होती तशीच परत गुंडाळली गेली. पाणी बागेतून आलं, वाटेवर पसरलं, बंगल्याच्या पायरीला लागलं. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. बाईसाहेब देवापुढे बसल्या. बंगल्याला पाच पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर पाणी डुचमळत राहिलं आणि हळूहळू मागे गेलं.

"वाचलो," मी म्हटलं.

साहेब ओसरीत उभे होते. त्यांच्या तोंडावर वाचल्याचा आनंद काही दिसला नाही. ते वळून आत बैठकीच्या खोलीकडे बघत होते. कोरडी ठणठणीत होती. जुना सोफा, फुगलेला टीव्ही, आणि रस्त्याकडच्या भिंतीला लागून काचेचं मोठं शोकेस, त्यात त्यांची मानचिन्हं.

त्यांनी तालुक्याला फोन लावला. भाऊसाहेब चार वाजता येतो म्हणाले, आणि वर सांगितलं की घरात पाणी शिरलं असेल तरच नुकसानभरपाई, अंगणाला काही मिळत नाही. फोन ठेवून साहेबांनी कोरड्या सोफ्यावर हात फिरवला.

मग म्हणाले, "जयवंती, बादली आण."

"कशाला साहेब? पुसायला?"

"नाही. ओतायला."

देवाशपथ सांगते, समुद्राला जे जमलं नाही ते आम्ही दोघांनी बादलीने केलं. मी बागेतल्या खड्ड्यातलं खारं पाणी भरून आणत होते आणि साहेब सोफ्यावर ओतत होते. बाईसाहेब म्हणत होत्या, "अहो, काय करताय हे? लोक काय म्हणतील?" साहेब म्हणाले, "लोकांना कुठे दिसतंय? आणि हा सोफा तुलाच नको होता ना?" गालिचा भिजला, पडदे भिजले, शोकेसचा खालचा कप्पा भिजला. मग साहेबांनी वाळूचा चिखल केला, झाडूला लावला आणि भिंतीवर गुडघाभर उंचीवर रेघ मारायला घेतली.

"साहेब, वाकडी होतेय," मी म्हटलं.

"होऊ दे गं."

"नाही हो. पाणी कधी वाकडं उभं राहतं का? भाऊसाहेब ओळखतील."

साहेब थांबले. माझ्याकडे कौतुकाने बघितलं त्यांनी. "हुशार आहेस." मग मी सुतळी आणली, एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि ओसरीच्या दारापासून शोकेसच्या मागे, अगदी रस्त्याकडच्या भिंतीपर्यंत आम्ही एका पातळीत सरळ रेघ मारली. जन्मात इतकं नीट काम मी दुसरं केलं नसेल.

"बैठकीच्या अर्ध्यापर्यंत पुरे होईल का साहेब?" मी मधे विचारलं होतं.

"छे! शोकेसपर्यंत पाहिजे. मानचिन्हं आहेत माझी तिथे."

"मग शोकेसपर्यंत," मी म्हटलं.

चार वाजता भाऊसाहेब आले, सरपंचांना घेऊन. रेघेला पट्टी लावली, सोफा दाबून बघितला, बुळूक करून पाणी आलं. त्यांनी लिहायला घेतलं.

"पंच म्हणून एक सरपंच. दुसरं कोण?"

"ही आहे ना, जयवंती," साहेब म्हणाले. "घरातच होती. आमच्या घरचीच आहे ती."

भाऊसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखवलं, "भरतीचे पाणी बागेतून, वाटेवरून घरात शिरून पूर्वेकडील भिंतीपर्यंत आले." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत?"

मी खोटं बोलत नाही असं नाही, नवऱ्याशी बोलते, पण सरकारी कागदावर कधी नाही.

"बघितलं," मी म्हटलं. "शोकेसपर्यंत आलं होतं." आणि सातवी शिकलेली सही ठोकली.

साहेबांनी त्या दिवशी मला घरी न्यायला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला.

घरी जाऊन मी सासूला सगळं सांगितलं. ती जाळं विणत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"खोटा बोललंस?"

"मालकान सांगल्यान. काय करतलंय?"

तिने जाळं बाजूला ठेवलं. मग बिस्किटाचा पुडा फोडला आणि म्हणाली, "चाय ठेव गो. दोगींका." चार महिन्यांनी ती माझ्या हातचा चहा प्यायली.

भरपाई मंजूर झाली. नवा सोफा आला. साहेबांची भीड इतकी चेपली की त्यांनी लगेच दुसरा अर्ज टाकला, भिंत पडलेय, घराला धोका आहे, तर याच जागी आणखी उंच भिंत आणि दुप्पट गेट बांधायची परवानगी मिळावी. पुरावा म्हणून पंचनाम्याची नक्कल जोडली. स्वतःच्या हाताने, टाचणी लावून. वाडीच्या बायांसाठी तोवर काटेरी तार होतीच. नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते. पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू होणार, आणि वाट नसेल तर सासू म्हणाली होती, "मी यंदा टोपली उचलूचंय नाय. झाला माझा." ती टोपली ठेवणार म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. अशा बाया टोपली ठेवतात आणि सहा महिन्यांत जातात.

तहसीलदार नव्या होत्या, तरुण बाई. त्यांनी साहेबांचा अर्ज आणि गावाचा पडून राहिलेला अर्ज एकाच दिवशी घेतले. पंच म्हणून मला बोलावणं आलं. सासूही आली, सातच्या गाडीने.

"रणदिवे, हा पंचनामा तुम्हीच जोडलाय?" तहसीलदार बाईंनी विचारलं.

"होय मॅडम. सहीसुद्धा माझी आहे."

"भरतीचं पाणी पूर्वेच्या भिंतीपर्यंत आलं होतं?"

"शोकेसपर्यंत!" साहेबांनी जोरात मान हलवली.

"म्हणजे बाग, वाट, गेट, बैठकीची खोली, हे सगळं भरतीच्या पाण्याखाली येतं."

"होय मॅडम, अगदी बरोबर." पुन्हा मान हलवली.

"मग तो किनारा झाला. किनाऱ्यावर गेट घालायची परवानगी मी कशी देऊ? आणि गावाची वाट कुठल्या कायद्याने अडवू?"

तिसऱ्यांदा हलायला निघालेली साहेबांची मान मधेच अडकली. कोपऱ्यात भाऊसाहेब पेडणेकरांना खोकल्याची उबळ आली.

"तसं नाही मॅडम," साहेब म्हणाले. "म्हणजे पाणी आलं, पण... इतकं काही नव्हतं."

"मग पंचनामा खोटा आहे? सरकारला खोटं लिहून देऊन तुम्ही भरपाई घेतलीत?"

"छे छे! खोटा कसा? अंदाज चुकू शकतो ना माणसाचा. घाबरलो होतो आम्ही." त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि मी दिसले. "ही पंच आहे. हिला विचारा. जयवंती, अगं सांग ना. पाणी पायऱ्यांपर्यंतच आलं होतं. खरं काय ते सांग, घाबरू नकोस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं सांगितलं असतं तर साहेबांनी हात जोडले असते, भरपाई परत केली असती, अंदाज चुकला म्हणून सुटले असते. आणि गेट राहिलं असतं. सासू भिंतीला टेकून खाली बसली होती, पाय लांब करून. खाडीवरून चालून चालून टाचा चिरल्या होत्या तिच्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दामच बघत नव्हती.

पाणी आलं तर वाट तुमची, या भाऊसाहेबांच्या वाक्यावर सगळी ग्रामसभा हसली होती. मी नव्हते हसले. मी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं, आणि सुतळीचं टोक धरताना ती गाठ माझ्याबरोबर होती.

"शोकेसपर्यंत आलं होतं मॅडम," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी बघितलंय." मग साहेबांकडे वळले. "असं काय करता साहेब? तुम्हीच नाही का दाखवलंत?"

साहेब प्राणायाम करताना जसा श्वास धरायचे तसा धरून उभे राहिले. आता सोडणार तरी कुठे?

नारळी पौर्णिमेला अख्खी वाडी नारळ घेऊन त्या वाटेने उतरली. गेट साहेबांनीच काढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सासू आणि मी एकत्र निघालो, ती सातच्या गाडीला आणि मी त्या दिवशी लवकर कामाला. हो, मला काढलं नाही त्यांनी. काढून करणार काय? सुरमई कोण तळून देणार? साहेब ओसरीत बसले होते. सासू वाटेवर मुद्दाम थांबली, टोपली सावरली आणि ओरडली, "साहेबानु, श्वास घेतलास काय? मी जातंय!"

पुढे गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "खरा सांग गो. पाणी खयपर्यंत इला होता?"

"तिसऱ्या पायरेर."

ती चालतच राहिली. "येतला," म्हणाली. "उरलेला पाणी पण येतला. वेल काढल्यान ना मेल्यान."

सासू त्यानंतर अकरा वर्षं सातच्या गाडीला गेली, आणि टोपली ठेवल्यावर सहा महिन्यांत वारली. साहेब गेले, बाईसाहेब मुलीकडे गेल्या, बंगला बंद झाला. किल्ली माझ्याकडे असते, महिन्यातून एकदा झाडून येते. गेल्या आषाढात अमावास्येचं उधाण झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं. खोलीभर वाळू होती. सोफा सरकून भिंतीला लागला होता. ओल सगळ्या भिंतींवर एका पातळीत चढली होती, गुडघाभर, ओसरीच्या दारापासून शोकेसच्या मागपर्यंत. आमची चिखलाची रेघ मी शोधत राहिले, शोकेसच्या मागे तिचा डाग कुणी कधी पुसला नव्हता. ती बरोबर पाण्याच्या कडेला होती, बोटभरही इकडे तिकडे नाही.

मी खाली ओल्या पायरीवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, "आये, इला गो. शोकेसपर्यंत इला." आणि मग मला रडू आलं.